पाचवा ते आठवा

या, बसा असे. ती खुर्ची नको, तिचा एक पाय रजेवर आहे. या बाकड्यावर टेका. चहा यायचा तेव्हा येईल, तोवर एक गोष्ट ऐका. जिंकल्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, हरल्याच्याही ऐकल्या असतील. ही गोष्ट आहे सरकारी मर्जीखातर हरायला निघालेल्या एका टीमची. आणि गंमत म्हणजे त्यांना तेसुद्धा धड जमलं नाही. खोटं वाटलं तर मधेच उठून जा, कोणी हात धरणार नाही.

तर टीम कसली, रस्सीखेचीची. बायकांची. देशाची. हसू नका. लोकांना वाटतं हा सहलीला गेल्यावर, पोटभर जेवण झाल्यावर, मेव्हण्या-मेव्हण्यांनी खेळायचा खेळ. तसं नाही. याची जगाची स्पर्धा असते, पंच असतात, इकडं आठ, तिकडं आठ, मधे मनगटाएवढा जाड दोर. पडलं तर ढोपरं सोलवटतात. रडायला वेळ नसतो.

या टीमचा कोच म्हणजे भोंगा. खरं नाव वेगळंच होतं, पण ते त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागायचं. गडी असा की ‘घेऽऽ’ म्हणून ओरडला की पलीकडच्या बस डेपोतले ड्रायव्हर गाडीला ब्रेक मारायचे. आणि या खेळात गळ्यालाच किंमत. ओढणाऱ्या पोरींना इकडंतिकडं बघायला उसंत नसते. नजर दोरावर, कान कोचकडे. भोंग्यानं ‘घेऽऽ’ म्हटलं की आठ बूट एकदम मागे. पुन्हा ‘घेऽऽ’, पुन्हा मागे. आठ जणींचं मिळून एकच जनावर असल्यासारखं.

दोराच्या शेवटाला जी उभी असते, दोर खांद्यावरून घेऊन, तिला हे लोक खुंटा म्हणतात. टीमचा खुंटा म्हणजे भोंग्याची पुतणी. भाऊ लवकर गेला, पोरगी काकाच्या पदरात आली, आणि काका दिवसभर हॉलवर, म्हणून पोरगीही हॉलवर. शाळेचा अभ्यास चटईच्या गुंडाळीवर बसून केला. वाढली ती अशी वाढली की आता तिला जागेवरून हलवायचं तर आधी तिची परवानगी काढावी लागे.

हॉल म्हणजे एक जुनं धान्याचं गोदाम. भोंग्यानं ते सरकारकडून मागून घेतलं, कबुतरांना हात जोडून बाहेर काढलं, पत्र्याची भोकं बुजवली. एका टोकाला लोखंडी चौकट, तिच्यावर कप्पी, कप्पीवरून दोर, आणि दोराला सिमेंटनं भरलेलं पिंप. पोरींनी दोर ओढला की पिंप वर. पोरी त्या पिंपाला ‘जावईबापू’ म्हणायच्या, कारण जागचं हलायला फार मनधरणी लागायची. हलकेच वर न्यायचं, हलकेच खाली ठेवायचं, आदळायचं नाही. जावईबापू आदळले की भोंगा दोन दिवस बोलायचा नाही, आणि पोरींना त्याच्या ओरडण्यापेक्षा त्या अबोल्याचीच जास्त भीती.

तर ही टीम मागच्या खेपेला जगाच्या स्पर्धेत तिसरी आली. तिसरी! कोणाच्या ध्यानीमनी नसताना. आणि आठवड्याभरात हॉलच्या दारात एक साहेब उभे.

साहेब होते खेळ-कामगिरी मूल्यमापन मंडळाचे. तरुण, सालस, बूट चकचकीत, छातीशी टॅबलेट धरलेला, जसं कोणाचं तान्हं सांभाळायला घेतलंय. प्रत्येक वाक्यात एक टक्का असायचाच. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत पोरींनी नाव ठेवलं, टक्के साहेब.

“अभिनंदन,” टक्के साहेब म्हणाले. “तिसरा नंबर आलात.”

“आलो ना!” भोंग्याची छाती शर्टाच्या बटणांना भारी पडायला लागली.

“तेच जरा अडचणीचं झालंय.”

“म्हणजे?”

“मंडळानं तुम्हाला उद्दिष्ट दिलं होतं, पाचवा ते आठवा. तुम्ही आलात तिसरे. विचलन आलं.”

“साहेब, तिसरा हा पाचव्याच्या वरच असतो ना? का सरकारात खाली असतो?”

“वरच असतो हो. पण वर काय आणि खाली काय, चुकलं ते चुकलंच. याचा अर्थ असा निघतो की तुम्हाला स्वतःच्या टीमचा अंदाज नाही. नियोजन कच्चं. आता आपले पोहणेवाले बघा. उद्दिष्ट शेवटचा नंबर, आले शेवटचे. शंभर टक्के! ‘अ’ श्रेणी मिळाली. मंडळानं कप दिला, एवढा मोठा.”

“अहो, त्यांच्यातला एक बुडता बुडता वाचला.”

“हो, पण ठरलेल्या वेळेत वाचला.”

भोंग्यानं पुतणीकडं बघितलं. ती छताकडं बघत होती. हसू आवरायचं असलं की ती छताकडं बघायची.

मग साहेब म्हणाले, जरा सराव दाखवा, प्रगती नोंदवायची आहे. आठ जणींनी राळ चोळली हाताला, दोर उचलला, भोंग्यानं आरोळी ठोकली. साहेबांच्या हातून टॅबलेट पडता पडता राहिला. जावईबापू वर चढायला लागले, पोरी एकेक पाऊल मागे. साहेब बघतायत, बघतायत, आणि कपाळाला आठी.

“या मागे मागे का चालल्यात?”

“जिंकतायत, साहेब.”

“माझ्याकडे रकाना आहे, पुढे सरकण्याचा वेग.”

“बरं, मग?”

“वजा येतोय.” साहेबांनी अगदी दुःखी चेहऱ्यानं वजा टाकला. माणूस वाईट नव्हता. रकाना त्याला जसा दिला तसा त्यानं भरला.

एकूण निकाल लागला ‘क’ श्रेणी. यंदा पुन्हा विचलन आलं तर ‘ड’, आणि ‘ड’ श्रेणीच्या खेळाला हॉल ठेवता येत नाही, असा नियम. भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“हॉल घेऊन करणार काय तुम्ही?” पुतणीनं विचारलं. “इथं पंखासुद्धा आमच्या काकूनं दिलेला आहे.”

“मंडळाला कप ठेवायला जागा कमी पडतेय,” साहेब ओशाळून म्हणाले. “शंभर टक्केवाले वाढलेत ना.”

“मग आमचं उद्दिष्ट वाढवून द्या,” भोंगा म्हणाला. “पहिला ते तिसरा लिहा. आम्ही बघतो आमचं.”

“उद्दिष्ट वाढवायचा अर्ज ‘अ’ श्रेणीवाल्यांनाच करता येतो.”

“आणि ‘अ’ मिळवायला?”

“उद्दिष्ट गाठा. पाचवा ते आठवा.”

“म्हणजे हरू?”

“छे छे!” साहेबांनी कानाला हात लावला. “हरा असं मंडळ कधीच म्हणत नाही. मंडळ म्हणतं, अचूक या.” आणि दारात जाऊन मागं वळून, धीर द्यावा तसं म्हणाले, “पद्धत एकदम आधुनिक आहे हं काका. आता बाहेरचे देशसुद्धा आपल्याकडून घेतायत.”

भोंगा घरी गेला तो ताटावर नुसता बसून राहिला. काकूनं विचारलं, काय झालं? त्यानं सगळं सांगितलं. स्पर्धेत पहिल्या आठ टीमांत यायचं, आणि मग मुकाट्यानं हरायचं. त्याच्या पुढं एक सामना जरी जिंकला तरी हॉल गेला.

काकू पाणी ओतता ओतता म्हणाली, “लग्न झाल्यापासून सांगतेय, जरा तोंड बंद ठेवायला शिका. माझं नाही ऐकलंत. आता सरकार सांगतंय तर ऐका.”

काकू बोलली टोमणा म्हणून, पण भोंग्याच्या डोक्यात तो रुतून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोरींना चटईवर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. एक जण रडली. एक म्हणाली, हॉल गेला तर मी पुन्हा शिवणकामाला जाते, आई तेवढंच म्हणत असते. एक म्हणाली, मागच्या वेळचं पदक परत देऊ, तिसऱ्याचा पाचवा करून मिळतो का विचारा. शेवटी सगळ्यांनी खुंट्याकडं बघितलं.

पुतणी बुटाच्या तळाला लागलेली माती काडीनं काढत होती. ती म्हणाली, “काका, हॉल जाऊ द्यायचा नाही ना?”

“नाही.”

“मग हरू. पण एक आहे. माझ्या मनानं मी सोडणार नाही. हाक तुमची. तुम्ही सोडा म्हणायचं, मग मी सोडीन.”

झालं. आता हरायचा सराव सुरू. तुम्हाला वाटेल, त्यात काय, हात सैल सोडले की झालं. तुम्ही करून बघा! ज्या पोरी वर्षानुवर्षं पाय रोवायला शिकल्या, त्यांचे पाय ऐकेनात. भोंगा तोंड उघडायचा ‘सोडा’ म्हणायला, आणि घशातून निघायचं ‘सोऽऽ... घेऽऽ!’ पोरी बिचाऱ्या सवयीनं मागे, जावईबापू थेट छताला. एकदा तर कप्पीतच अडकून बसले, शिडी लावून उतरवावे लागले.

“काका, हे असंच चालू राहिलं तर आपण चुकून पहिले येऊ,” पुतणी म्हणाली.

तेव्हा भोंग्याला काकूचा टोमणा आठवला. ठरलं की सोडा-बिडा काही म्हणायचंच नाही. भोंगा गप्प राहिला की समजायचं, द्यायचं सोडून. पोरींनी भोंग्याकडं कान लावले, भोंग्यानं ओठ मिटले, आणि आठ जणी एक पाऊल पुढं आल्या. जावईबापू धाडकन आदळले. पत्रा थरथरला. कोणी कोणाकडं बघितलं नाही. भोंगा बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

स्पर्धा परदेशात. टीम गेली, पाठोपाठ टक्के साहेबही गेले, अचूकता बघायला. बरोबर त्यांच्या वरचे साहेब, टक्के साहेबांची अचूकता बघायला, आणि त्यांच्याही वरचे, वरच्या साहेबांची अचूकता बघायला. पहिले सामने झाले, भोंगा मनसोक्त ओरडला, टीम आठांत आली. आता पुढचा सामना हरला की मंडळ खूश, हॉल शाबूत.

समोर आली ती नेमकी जुनी खुन्नसवाली टीम. त्यांची कोच एक धिप्पाड बाई, पोरींनी तिचं नाव ठेवलेलं आत्याबाई, कारण लग्नघरात चुका काढायला आल्यासारखी दिसायची. भोंग्याच्या तोडीचा गळा जगात तेवढाच एक. दोघांना एकमेकांच्या भाषेतले पाच-सहा शब्द यायचे, ते सगळे शिव्या. एरवी सामन्याआधी एकमेकांना त्या प्रेमानं द्यायचे. आज भोंगा मान खाली घालून गेला. आत्याबाईही खालीच बघत होती. त्याला वाटलं, बाईचं पोट बिघडलं असेल.

पंचांनी सांगितलं, दोर उचला. उचलला. ताण घ्या. घेतला. ओढा!

भोंग्यानं ओठ घट्ट मिटले.

त्याच्या पोरी एक पाऊल पुढं आल्या. आता दोर सर्रकन पलीकडं जायला हवा. तर दोर मधेच लोंबला! भोंग्यानं डोळे चोळले. समोरच्या आठ जणीही पुढंच येत होत्या. इकडच्या आणखी एक पाऊल, तिकडच्या आणखी एक पाऊल. दोराचं पोट जमिनीला टेकलं. दोन्हीकडच्या पहिल्या पोरी इतक्या जवळ आल्या की एकमेकींना ख्यालीखुशाली विचारायची तेवढी बाकी राहिली. आणि मैदानभर अशी शांतता, की कोणीतरी चिप्सची पिशवी फोडली ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

पंचांनी शिट्टी मारली. दोघांनाही ताकीद, ओढत नाही म्हणून. पुन्हा उभं केलं. दोर उचला, ताण घ्या, ओढा. पुन्हा तेच! दोन्हीकडून अशी विनवणी चाललेली, आधी आपण, नाही नाही, आधी आपण. पंच बिचारे नियमांचं पुस्तक चाळायला लागले. दुसरी ताकीद. आता तिसऱ्यांदा असं झालं तर दोन्ही टीम बाद, नंबरच नाही.

वर खुर्चीत टक्के साहेबांना घाम फुटला. नंबरच नसेल तर विचलन कशातून काढायचं? त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, वरच्या साहेबांनी त्यांच्या वरच्यांना, आणि ते झोपले होते.

इकडं भोंग्याच्या ध्यानात आलं. त्यानं आत्याबाईकडं बघितलं. ती त्याच्यासारखीच ओठ चावून उभी होती, डोळ्यांत पाणी. बाहेरचे देश आपली पद्धत घेतायत, साहेब म्हणाले होते ना. यांनी घेतली होती. बाईच्या गावातही एखादं गोदाम असणार, त्यात एखादं पिंप असणार, आणि तिलाही कोणीतरी अचूक यायला सांगितलेलं असणार.

पंचांनी तिसऱ्यांदा दोर उचलायला सांगितला. आत्याबाई दोघांतली जरा शहाणी. भोंग्याला वाटलं, आता तीच ओरडेल, आपण तोंड मिटून राहिलो तर तिच्या पोरी ओढतील, आपण हरू, काम फत्ते. नुसतं गप्प राहायचं होतं. हॉल तिथंच होता, त्याच्या मिटलेल्या ओठांत.

ओढा!

आत्याबाई काही ओरडली नाही. पोरी पुढं आल्या. दोर पुन्हा लोंबला. खुंट्याच्या खांद्यावर तो असा पडला होता, जसा वाळत घातलेला टॉवेल. खुंटा कधी कोचकडं बघत नाही. पुतणीनं बघितलं. आणि मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली,

“काका, यांच्यापेक्षा जावईबापू बरे हो. निदान ते जड तरी आहेत.”

पंचांची शिट्टी तोंडाकडं चालली होती. भोंग्याच्या डोळ्यांपुढून पत्र्याची भोकं गेली, चटईची गुंडाळी गेली, तिच्यावर बसून पाढे म्हणणारी पोरगी गेली. आणि ती पोरगी इथं उभी होती, खांद्यावर मेलेला दोर घेऊन. हॉल कशासाठी ठेवायचा, हे त्याला त्या घटकेला काही केल्या आठवेना.

“घेऽऽऽऽऽ!”

असा निघाला म्हणता तो आवाज, की पंचांची शिट्टी खाली पडली. आठ बूट मागे. आणि काय सांगू, समोरच्या पोरींना भाषा कळो न कळो, इतक्या दिवसांची भुकेली हाडं त्यांची, त्याही मागे! पाठोपाठ आत्याबाई फुटली. तिची आरोळी, याची आरोळी. दोर ताठ झाला, वाजायला लागला. कोणी इंच देईना. पोरींच्या पोटऱ्या थरथरतायत, राळ वितळून मनगटावर आलीय, मधली खूण इकडं जातेय, तिकडं जातेय. लोक खुर्च्यांवर उभे. त्या खुर्च्यांत एक टक्के साहेबांची, तेही वर चढून ‘घे! घे!’ ओरडतायत, टॅबलेट पायाखाली. शेवटी पुतणीनं टाच मातीत रुतवली, डोळे मिटले, आणि अख्खी टीम मागे निघाली, घरी निघाल्यासारखी.

जिंकले.

आत्याबाई येऊन भोंग्याच्या गळ्यात पडली आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या तिनं त्याला दिल्या. तिची टीम उद्दिष्टाला बरोब्बर पोचली. ‘अ’ श्रेणी, मोठा कप. रडत होती बाई.

आपली टीम पुढचाही सामना जिंकली, शेवटचा हरली, दुसरी आली. रुप्याचं पदक. टक्के साहेब खुर्चीवरून उतरले, टॅबलेटवरची बुटाची माती पुसली, आणि नाक ओढत विचलन भरलं.

हॉल गेला. सरकारी काम, पण याला एक दिवस उशीर नाही. कुलूप लागलं, आत फळ्या ठोकल्या, आता तिथं कप आहेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. जावईबापू मात्र आतच राहिले. चौकट फरशीत गाडलेली, पिंप कोणाच्यानं हलेना, मंडळानं चार माणसं पाठवली, त्यांनी हात लावून बघितला आणि बिल लावून गेले. शेवटी जावईबापूंच्याच डोक्यावर एक कप ठेवलाय म्हणतात.

काकूनं काय केलं? पंखा काढून आणला. म्हणाली, कपांना कशाला वारा.

टीम आता डेपोच्या मागच्या मैदानात ओढते, रविवारी सकाळी. यंदाचं उद्दिष्ट काय लिहून आलंय कोणाला ठाऊक, भोंग्यानं पाकीट फोडलं नाही. पण पिंप नाही म्हटल्यावर दोराचं दुसरं टोक धरायला माणसं लागतात. डेपोतले ड्रायव्हर येतात, काकू येते. टक्के साहेबही येतात, चकचकीत बूट बाजूला काढून ठेवतात आणि अनवाणी उभे राहतात. मन लावून ओढतात, पण वजनाला फार हलके हो, पोरी त्यांना उचलून नेतात.

तुम्ही बरे भरदार दिसता. तेव्हा चहा झाला की एवढं करा, येत्या रविवारी जुने बूट घालून या आणि दोराचं ते टोक धरा. ओढता नाही आलं तरी चालेल. फक्त सोडू नका.